अण्णांच्या ताटातलं तेल

करडी आमच्याच रानात व्हायची, पण पोती औशाच्या मोंढ्यात विकायला जायची. घरात तेल यायचं ते पावशेर बाटलीतनं. आमच्या भाकरीला तेलाचं नुसतं बोट लागायचं. पाहुणा आला की मात्र माय त्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार धरायची, तो नको म्हणेपर्यंत. तेल तरंगलं नाही तर पाहुण्याचा अपमान. आम्ही भावंडं समोर बसून मनातल्या मनात त्याच्या वतीनं नको नको म्हणायचो.

पुढं विहिरीला पाणी लागलं, दिवस पालटले आणि मी नांदेडला आहारशास्त्रात बीएस्सी झाले. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

त्यातच लातूरला अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, रक्त तपासलं तर चरबी लई वाढलेली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हृदयाचं काही खरं नाही. मी घरातला डालडा आणि तळणीचं उरलेलं तेल फेकलं. डालड्यातली चरबी रक्तवाहिन्यांना वाईट, करडीतली चांगल्या जातीची, जवसात तर ओमेगा-थ्री, असं सगळं समजावलं आणि नांदेडला नोकरीवर निघून गेले. किती खायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

अण्णांनी ‘चांगलं’ एवढंच धरलं. चांगली वस्तू कमी वाढायची रीत आमच्याकडं नाही. वरणावर तेल, भातावर तेल, जवसाच्या चटणीचं तर तळं. शिवाय पारावर बसून सांगायचे, पोरगी बीएस्सी हाय, तेलानं रक्त पातळ व्हतं. एक म्हातारा गुडघ्याला तेल चोळायचं सोडून तेच प्यायला लागला.

पुढच्या तपासणीत चरबी आणखी वर. सदऱ्याची बटणं लागेनात. अण्णा डॉक्टरांना म्हणाले, “पोरगी चुकणार न्हाई. तुमची मशीन बघा.”

त्या खेपेला मी रजा काढून सोबत गेले होते. घरी येऊन सांगितलं, “अण्णा, मीच चुकले. चांगलं असलं तरी तेल ते तेलच. दिवसभराचं मिळून चहाचे चार चमचे, बास.”

“घरी जमंल. पंगतीत हात आडवा केला तर माजला म्हणतील की.”

हे खरंच होतं. मी म्हटलं, माझं नाव सांगा.

त्याच आठवड्यात रेणापूरला नात्यात जावळाचं जेवण होतं. यजमान तेलाचं भांडं घेऊन वाकले. अण्णांनी ताटावर पंजा धरला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “नको. आमच्या घरात शिकलेलं माणूस हाय. मोजून खावं लागतंय.”

शेजारच्या गृहस्थांचा मुलगा इंजिनिअर. त्यांनीही लगेच पंजा धरला. मग त्यांच्या पलीकडच्यानं. ज्याच्या घरात दहावी पास होतं, त्यानंही. भांडं भरलेलंच आत गेलं आणि यजमानीणबाई विचारत बाहेर आल्या, कालवण बिघडलं का.

चार महिन्यांनी लातूरला पुन्हा रक्त तपासलं. अण्णांची चरबी मर्यादेत आली होती.