घोडीच्या कुशीला कान

गैबीभाई तीस वर्षं कोल्हापुरात वरातीला घोडी देतात. रोज घोडीच्या कुशीला कान लावून आतली गुडगुड ऐकतात, मगच स्वतः जेवतात. एका वरातीच्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील हंबीरराव यांनी पाहुणचार म्हणून, घरच्या म्हशीला घालतात तशी, घोडीलाही बादलीभर सरकी पेंड चारली. थोड्या वेळानं घोडी पाय झाडत पोटाकडं बघू लागली.

"पावणं, म्हस रवंथ करती, घोडी करत न्हाय!" गैबीभाई कडाडले. "तिला ओकताबी येत न्हाय! गिळलेलं आतच आंबतंय, फुगतंय. जीव घ्याल की मुक्या जनावराचा!"

"एवढ्यानं काय हुतंय?"

"बंद करा त्यो बँड! लावा कान!"

बँड थांबला. हंबीररावांनी कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.