कॅमेऱ्यामागचे आजोबा

दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात लेकीने आमची जुनी फिल्म टीव्हीवर लावली. अल मनखूलच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बाबा पिठाची परात घेऊन येतात आणि घसरून धपकन पडतात. तो कॅमेरा मुका, त्यामुळे आवाज नाही.

मला मात्र सगळं ऐकू येतं. मूकपटांत पडून लोकांना हसवणारे माझे आजोबा पुढे दिग्दर्शक झाले होते. दुबईला आले तेव्हा कॅमेरा त्यांनीच धरला आणि जुन्या सवयीने शूटिंग चालू असतानाच सूचना देत राहिले, “घसर. उठू नकोस, आधी लाज.” ऑफिसात कडक असलेले बाबा खरंच लाजले. आई हसून हसून भिंतीला टेकली.

“हूज ही लुकिंग ॲट?” पडद्यावरच्या बाबांकडे बोट दाखवत लेकीने विचारलं.

तेव्हा, लहानपणी, मी फक्त पीठ पाहिलं होतं. आज दिसलं, पिठाने माखलेले बाबा कॅमेऱ्यामागच्या आपल्या वडिलांना डोळ्यांनीच विचारतायत, जमलं का?