डॉलरवरचं कुंकू

इथले भुताखेतांचे, चमत्कारांचे किस्से मी वर्षभर वाचतोय आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं कारणही शोधून ठेवतोय. वायरिंग, ॲसिडिटी, शेजाऱ्यांचं मांजर... रबाळ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. ताळा जुळत नसेल तर चूक माणसाची, एवढंच मानणारा मी. पण हनोईत जे झालं त्याचा ताळा जुळलेला नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही घणसोली गावातले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोला – सुनंदाला – व्हिएतनामला न्यायचं ठरवलं. तिला तिथल्या खाडीतल्या बोटीवर एक रात्र राहायचं होतं. पाण्यातून वर आलेल्या तिथल्या डोंगरांचा फोटो तिने फ्रिजवर लावून ठेवला होता. शंभर डॉलरच्या पाच नोटा घेतल्या. निघायच्या आदल्या दिवशी आईने त्या गावदेवीच्या पायाशी ठेवल्या आणि प्रत्येक नोटेवरच्या साहेबाच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावून आणल्या. आपल्याकडे नोटेवर हिशोब लिहिलेला असतो, फोन नंबर असतात, तरी चालतात की! नंबरांची नोंद म्हणून मोबाइलमध्ये पाचही नोटांचे फोटो काढून ठेवले.

हनोईत सकाळी बँकेत गेलो. बोटवाल्यांना रोख त्यांच्याच चलनात हवी होती आणि त्यांची गाडी बारा वाजता हॉटेलवर येणार होती. काउंटरवरच्या बाईंनी नोटा उलटसुलट पाहिल्या आणि परत ढकलल्या.

“नो. रेड.”

“अहो, रक्त समजली ती,” सुनंदा कुजबुजली.

मी सुनंदाच्या टिकलीवर बोट ठेवलं. “धिस! सेम! गॉड! माय मदर!” बाईंनी सिक्युरिटीवाल्याकडे पाहिलं. तो दोन पावलं पुढे आला. आम्ही बाकावर जाऊन बसलो.

कार्ड चालेना, कारण परदेशी वापर सुरू करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रोमिंग लागतं. पैसे वाचवायचे म्हणून ते मी घेतलंच नव्हतं. एक नोट रुमालाने पुसून पाहिली, तर साहेबाच्या कपाळाबरोबर गालही लाल झाले.

“घासू नका, फाटेल!” सुनंदा म्हणाली. मग खाली बघत, “राहू दे. बोट काय, फोटोत बघितलीच आहे.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. बँकेच्या वायफायवरून मी आईला स्पीकरवर फोन लावला, खरं तर ओरडायलाच.

सगळं ऐकून आई म्हणाली, “देवीला पाच नारल बोल. होईल सगला.”

“आये, मी असलं काही मानत नाही.”

“मंग बस तितंच. नोटांना वारा घाल.”

“बोला ना हो,” सुनंदा म्हणाली. “नारळच मागतायत, किडनी नाही.”

“बरं, दोन देईन.”

“देवीशी भाव करतंस? पाच नोटा हायेत, पाच नारल.”

नोटेमागे एक नारळ. हा हिशोब मात्र मला पटला. “पाच,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. नोटांचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं, वर माझा हात. हे मुद्दाम सांगतोय.

शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा त्याच काउंटरवर गेलो. बाईंनी पाकिटातून नोटा काढल्या आणि थांबल्या. दिव्याखाली धरल्या, नखाने खरवडल्या.

“अदर मनी?”

“सेम मनी,” मी म्हणालो, आणि मग मलाही दिसलं. पाचही नोटा कोऱ्या. गालसुद्धा स्वच्छ.

मी नोटांचे नंबर मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून पाहिले. तेच. फोटोत कुंकू होतं, हातातल्या नोटेवर नव्हतं. रुमाल मात्र अजून लाल. घाम म्हणावा तर पाकीट कोरडं होतं; पुसलं म्हणावं तर मी एकच नोट पुसली होती, तीही बिघडवली होती.

बाईंनी मॅनेजरना बोलावलं, मॅनेजरनी मशीनला विचारलं, मशीन हो म्हणालं. सव्वा कोटीच्या आसपास डाँग हातात आले. आयुष्यात एकदाच कोट्यधीश झालो, पण शून्यं मोजायलाही थांबलो नाही. हॉटेलवर पोचलो तर गाडीच्या दारात ड्रायव्हर घड्याळ दाखवत उभा होता. संध्याकाळी बोटीच्या कठड्याला रेलून सुनंदा डोंगर बघत होती. फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, “गप उभे राहा जरा.”

परत आल्यावर पाच नारळ घेऊन आईसमोर उभा राहिलो. “चल, देवळात.”

“कनाचे नारल? कसले?”

मी सगळं सांगितलं. आई हसत सुटली. “मी कुठं देवीला सांगितला? तुमचा फोन ठेवला नि कोलंबी सोलाया बसली. इसरूनच गेली.”

“पण मीही देवीला काही म्हटलं नव्हतं, आये. मी तुला म्हटलं होतं, फोनवर! मग नोटा पुसल्या कोणी?”

“मना काय इचारतंस?” आई म्हणाली. “बँकेत तू होतास.”