ताईंच्या लॅपटॉपची चिप

"वहिनी, आता कोणती आजी पुसू?" ताईंनी विचारलं, तेव्हा मी भेंडी चिरत होते.

ताई म्हणजे माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण लग्न होऊन पुंडलिकनगरच्या या घरात आले तेव्हापासून मी त्यांना ताईच म्हणते. त्या विद्यापीठात आपल्या भागाच्या बोलीवर पीएचडी करतात. त्यासाठी लासूर स्टेशनकडची खेडी हिंडून त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलेलं. ते सगळं एका स्वस्तातल्या, हलक्या लॅपटॉपमध्ये होतं. त्यात जागा जेमतेम चौसष्ट जीबी, त्यातली निम्मी विंडोजच खायची. जास्तीची रेकॉर्डिंग ठेवायला बाहेरची डिस्क होती, ती स्कूटीवरून पडून कायमची बंद झाली. आता लॅपटॉप काठोकाठ भरला होता. एक अपडेट अर्ध्यावर अडकलं होतं, आणि काहीतरी पुसल्याशिवाय ते पुढं सरकत नव्हतं.

"पुसू नका काही," मी म्हणाले. "दुकानात दाखवलं का?"

"दाखवलं. यातली मेमरी बोर्डालाच चिकटवलेली असते म्हणे. वाढत नाही. नवीन घ्या म्हणाले."

"चिकटवलेली नसते, सोल्डर केलेली असते, धातूचा डाग देऊन. ती चिप काढून मोठी बसवता येते."

"कोण बसवणार?"

"मी."

ताई हसल्या. वाईट हेतूनं नाही. मी काय करत होते ते त्यांना माहीतच नव्हतं. लग्नाआधी सहा वर्षं मी शेंद्र्याजवळच्या एका कारखान्यात होते. लाईनवरून नापास होऊन आलेले बोर्ड माझ्या टेबलावर यायचे आणि चुकीची बसलेली चिप काढून नीट बसवायची, हे माझं काम होतं. सोयरीक जमली तेव्हा कुणीतरी 'पॅकिंगला आहे' असं सांगून टाकलं. मी ते दुरुस्त केलं नाही. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली आणि मग सांगायचा प्रसंगच आला नाही. नवऱ्याला माहीत होतं, पण तोही 'कंपनीत होती' एवढंच म्हणायचा.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "उघडलं आन् हाय तेबी गेलं तर?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेऊ. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

दोनशे छप्पन्न जीबीची चिप ऑनलाइन मागवली. आली ती अंगठ्याच्या नखाएवढी. ती हातात घेतली आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. या कामाला हात लावून आठ वर्षं झाली होती. चिपच्या पोटाखाली दीडशेवर बारीक गोळ्या असतात सोल्डरच्या. त्या सगळ्या एकाच वेळी वितळल्या पाहिजेत आणि आपापल्या जागी बसल्या पाहिजेत. एकही चुकली तर चिप असून नसल्यासारखी.

म्हणून आधी शेंद्र्याला गेले. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण तिथंच राहते. अजून नोकरीत आहे, आणि घरी मोबाईलही दुरुस्त करते. तिच्याकडं गरम हवेचं मशीन होतं. हेअर ड्रायरसारखंच, पण त्याच्या तोंडातून सोल्डर वितळेल एवढी कडक हवा येते.

"नेशील मशीन," ती म्हणाली, "पण आधी माझ्यासमोर कर." आणि तिनं भंगारातले चार बोर्ड पुढं टाकले.

पहिल्या बोर्डावर मी चिप उचलली आणि तिच्याबरोबर बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उपटून आले. त्या ठिपक्यांना पॅड म्हणतात. ते गेले की बोर्ड गेला.

"घाई," मैत्रीण म्हणाली. "ती सुटायच्या आधीच तू वढली. पूर्वी अशी नव्हतीस."

"पूर्वी तो बोर्ड कंपनीचा असायचा."

"आन् डोळे बारीक करून बघतीस, चष्मा कधी लागला?"

"लागला नाही अजून."

"लागलाय. लावून घे."

तिनं स्वतःचं भिंग दिलं. दुसरा बोर्डही गेला. तिसऱ्यावर चिपला नुसता चिमटा टेकवला तर ती पाण्यावरच्या पानासारखी हलली. तेव्हा हाताला ओळख पटली. चौथा नीट झाला, तेव्हा तिनं मशीन पिशवीत घालून दिलं.

रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती आणि मुलगी माझ्या आईकडं गेलेली. सकाळी ताई आणि मी रेकॉर्डिंग दोन नव्या डिस्कवर उतरवली. नुसती उतरवून भागणार नव्हतं, म्हणून एकेक थोडी वाजवून पाहत होतो. एका म्हातारीचा आवाज आला. "बाई, जरा दमानं घ्या, अजमासानं सांगते," असं काहीसं ती म्हणत होती. मामांनी पेपर खाली ठेवला.

"ही तर स्टेशनापल्याडच्या वस्तीवरली. गेली की ही दिवाळीत."

ताईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. आम्ही तिघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यात फार काही नव्हतं, कडबा कसा रचायचा ते ती सांगत होती. पण त्यानंतर लॅपटॉपचे स्क्रू काढायच्या आधी मी दोन्ही डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मे महिना होता. वाऱ्यानं बोर्ड थंड होऊ नये म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. मामांना म्हटलं, गच्चीच्या जिन्यात बसा, इथं उकडेल. ते हलले नाहीत. टॉवेलनं मान पुसत खाटेवर बसून राहिले. चिपच्या आजूबाजूच्या भागांवर मी उष्णता सहन करणारी पिवळी टेप लावली, कडेनं फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा चिकट पदार्थ, सोडलं आणि मशीन सुरू केलं. खोलीत राळेसारखा वास भरला. तो वास आठ वर्षांनी घरात आला होता, आणि मला तो आवडला हे कबूल करते.

"किती वेळ तापवायचं?" ताईंनी हळूच विचारलं.

"सुटेपर्यंत."

सुटली. चिमट्यात जुनी चिप अलगद आली. खाली सगळे पॅड शाबूत. तांब्याच्या वेणीनं जुनं सोल्डर टिपून घेतलं, जागा स्पिरिटनं पुसली, नव्या चिपचा कोपऱ्यातला ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवला आणि पुन्हा हवा सोडली. चिप किंचित खाली बसल्यासारखी दिसली. मी मशीन बंद केलं.

बोर्ड थंड झाल्यावर बॅटरी जोडली. लॅपटॉप चालू झाला, पण पडद्यावर आलं की आत मेमरीच सापडत नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. माठातलं पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. 'पॅकिंगला होती' हेच खरं असतं तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला वाटलं. ताई मागून आल्या.

"वहिनी, बोलणी तर आहेत ना दोन्ही डिस्कवर? मग झालं. दुकानदार तरी काय, नवीनच घ्या म्हणाला होता. तुम्ही बसा थोडं. चहा टाकते मी."

या घरात ताईंनी माझ्यासाठी चहा टाकायची ती पहिलीच वेळ. चहा झाल्यावर मी भिंग घेऊन चिपकडं आडवं पाहिलं. एका कोपऱ्याखाली केसाएवढी फट होती. त्या बाजूला सोल्डर वितळलंच नव्हतं. भीतीनं मी हवा लवकर काढून घेतली होती.

पुन्हा फ्लक्स, पुन्हा हवा. या वेळी मी मनात आकडे मोजत बसले नाही, नुसती पाहत राहिले. कोपरा खाली आला. चिमट्यानं हलकंच ढकलल्यावर चिप सरकली आणि आपली आपण परत जागेवर आली.

या वेळी मेमरी दिसली. ताईंनी आकडा मोठ्यानं वाचला. मामा उठले, त्यांनी पंखा लावला आणि म्हणाले, "लई उकडलं बुवा." पण संध्याकाळी खालचे शेजारी आले, तेव्हा लॅपटॉपकडं बोट करून त्यांना सांगत होते, "कारखान्यात हेच काम व्हतं तिला. बोर्ड दुरुस्तीचं." मी कणीक मळता मळता ऐकलं.

गोष्ट इथं संपली असती तर मला सांगायला सोपी गेली असती. पुढच्याच महिन्यात ताई त्यांच्या एका मैत्रिणीला घेऊन आल्या. तिचाही लॅपटॉप तसाच, तिचंही काम अडलेलं. मी उघडून पाहिलं तर चिप हलू नये म्हणून कंपनीनं तिच्या कडेनं काळा डिंक ओतलेला होता. असं काम मी फार थोडं केलं होतं. नाही म्हणायला हवं होतं. पण मामांचं ते वाक्य अजून कानात होतं, आणि मी हो म्हणाले. चिप निघाली, पण दहा-बारा पॅड घेऊन. लॅपटॉप गेला.

माहिती आधी उतरवून घेतली होती, तेवढंच. मी तिला समोर बसवून सांगितलं, की चूक माझी आहे, मला हे जमत नव्हतं आणि मी ते आधी बोलले नाही. ती बंद पडलेला लॅपटॉप पिशवीत भरायला लागली. मग ताई म्हणाल्या, "माझ्यात आता जागा आहे. तुझं सगळं माझ्यात टाक. सकाळी तू कर, दुपारी मी करते." दोन-अडीच महिने ती मुलगी रोज सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बसून लिहायची. मी तिला डबा द्यायचे. तिनं तो कधी नाकारला नाही, पण माझ्याशी मोकळी व्हायला तिला बरेच दिवस लागले. तिचा प्रबंध झाला. ताईंचाही झाला.

मी चष्मा करून घेतला. आता दर शनिवारी मुलीला शाळेत सोडून शेंद्र्याला मैत्रिणीकडं जाते. ती डिंकवाले भंगार बोर्ड माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. डिंक आधी मऊ करून कडेनं खरवडायचा असतो, ते आता हाताला येतंय. परवा एक चिप सुटली, एकही पॅड न उपटता. मैत्रीण म्हणाली, "अजून धा कर, मंग बोलू."