पळसाखालचा खडा

“नकाशात रस्ता आहे का? नाही ना? मग तसं लिहा आणि परत या,” तहसीलदार साहेब फोनवर म्हणाले.

मी पवनीकडच्या एका गावात चिखलात उभी होते. मी मंडळ अधिकारी. स्थळपाहणी, म्हणजे जागेवर जाऊन वाद बघणं, माझ्याकडे होतं. मैनाबाईंच्या शेतात जाणारा धुरा, म्हणजे भाताच्या बांध्यांमधला बांध, शेजारच्या धनराजभाऊंनी फोडून आपल्या शेतात घेतला होता. दुसरी वाट नव्हती. रोपं रोवणीला आली होती. ती वेळेत पोचली नाहीत तर बाईंचं वर्षाचं धान गेलं.

“मी का उडून जाऊ, म्याडम?” मैनाबाई म्हणाल्या.

“सर, अर्ज वहिवाटीचा आहे,” मी फोनवर म्हटलं.

“तेच ते.”

तेच ते कसं? माझं डोकं तापलं. आमच्या ऑफिसात वहिवाट म्हणजे जमिनीचा ताबा. पण शब्द मुळात पायांचा आहे. येणं-जाणं चालू असलं की वाट वाहते, असं म्हणत. वाहती वाट ती वहिवाट. पाय पडत राहिले, त्याचा रिवाज झाला, रिवाजाचा हक्क झाला. कारभार बघणारा तो वहिवाटदार. नकाशा यात फार उशिरा आला.

“सगळं पाहूनच येते,” म्हणून मी फोन ठेवला.

धनराजभाऊ पुढे निघाले, मी, मैनाबाई आणि पंच मागे.

“पाहा म्याडम, इथून कोनीच जात नाही. कायले जाईल? माहं वावर आहे.”

बोलता बोलता ते फोडलेल्या धुऱ्याच्या जागी उभ्या पळसापाशी थांबले. चप्पल काढली, वाकून खडा उचलला, बुंध्याशी ठेवला, हात जोडले. तिथे खड्यांचा गुडघाभर ढीग होता. वाटेवरच्या देवाला येणाऱ्या-जाणाऱ्यानं खडा वाहायचा, ही इथली रीत. धुरा त्यांनी फोडला होता, देवाला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

“भाऊ, एवढे खडे कोणी ठेवले?”

ते चप्पल घालू लागले.

“बैलाइनं ठेवले असतील,” एक पंच म्हणाला. मैनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“पंचनाम्यात देव लिहिता?” ऑफिसात साहेब कडाडले.

“देव नाही सर. खडे लिहिले, आणि शेवटचा कोणी ठेवला तेही. बदलायचं असेल तर तुमच्या सहीनं बदला.”

त्यांनी बदललं नाही. धुरा पुन्हा घालायचा आदेश निघाला. मैनाबाईंची रोपं त्यावरूनच गेली.

तेव्हापासून मी जबाब नंतर घेते. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे, त्याला आधी पुढे चालू देते.