टाकी काढली, नळ चालू

ऑपरेशन तासाभरात उरकलं, पण त्याचे किस्से दोन वर्षं झाली तरी साठतायत. खडे झाले म्हणून पित्ताशयच काढून टाकलं. मला वाटलं, विषय संपला. पण मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, आणि आमच्याकडे हातात आलेली वस्तू तपासल्याशिवाय कोणी सोडत नाही.

*

हॉस्पिटलनं खडे डबीत घालून दिले होते. मी ती डबी कामावर नेली, हीच चूक झाली. जेवून आलो तर आमच्या सीनियर रेखा मॅडम हातमोजे घालून व्हर्नियरनं एकेक खडा मोजत होत्या. शेजारी रिपोर्ट तयार.

"अकरा नग," त्या म्हणाल्या. "एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही. तुमची प्रोसेस कंट्रोलमध्ये नव्हती."

*

मेंटेनन्सचा नामदेव मूळचा कुरुळीचा. त्यानं विचारलं, "सायब, पिशवी काढली, मग पित्त जातंय कुठं?"

मी डॉक्टरांचंच सांगितलं. पित्त तयार होतं यकृतात, पिशवीत नुसतं साठायचं. आता ते थोडं थोडं थेट आतड्यात उतरत राहतं. म्हणून एकदम तेलकट खाल्लं तर पोट बिघडू शकतं.

नामदेव म्हणाला, "म्हंजी टाकी काढली, नळ डायरेक्ट. पानी चालू हाय, पन प्रेशर न्हाई."

पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पेशंटना पाच मिनिटं समजावतो हो हे."

*

पोट बिघडतं म्हणजे काय, ते महिन्याभरानं कळलं. सकाळी थेरगावहून कामाला निघताना गरमागरम भजी दिसली. 'बघू तरी' म्हणत दोन प्लेट खाल्ल्या. कंपनीची बस मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली आणि माझ्या पोटात कळ आली. मी ड्रायव्हर पवारमामांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मामा, पंप दिसला की थांबवा."

अख्खी बस पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबली. मी परत चढलो तेव्हा सगळे मन लावून खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी पवारमामांनी दार उघडायच्या आधी काचेतूनच विचारलं, "नाश्त्याला काय?"

"पोहे."

मग दार उघडलं.

*

माझा स्वभाव तसा तापट. ऑपरेशननंतर कामावर आलो त्याच आठवड्यात प्रॉडक्शनचा सुपरवायझर सांगळे एक भयंकर लॉट पास करायला घेऊन आला. मी असा काही ओरडलो की मशीनवरची पोरं वळून बघायला लागली.

सांगळे खरंच गोंधळला होता. "सर, तुमचं पित्त काढलं म्हणून ऐकलं," तो म्हणाला. "म्हणून तर आज आणला."

*

गेल्या वर्षी नामदेवच्याच पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत खडे निघाले. ऑपरेशनच्या नावानं तो इतका घाबरला की चार महिने चालढकल केली. तोवर त्याची बायको सुमन त्याला बिनतेलाचं करून वाढायची आणि तो रोज नावं ठेवायचा. "हे जेवन हाय का शिक्षा," असं तो डबा उघडून आम्हालाही म्हणायचा. शेवटी एकदा कळ आली ती थांबेचना, तेव्हा कुठे तयार झाला.

ऑपरेशनच्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेलो. आत नेताना त्यानं माझा हात घट्ट धरला होता. बाहेर सुमनवहिनी पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

सगळं नीट झालं. त्याला बाहेर आणलं तेव्हा तो अर्धवट गुंगीतच होता. डोळे मिटलेले. वहिनी वाकून म्हणाल्या, "अवो, मी हाय."

नामदेव तसाच पुटपुटला, "सुमन, तुझी फिक्की आमटी बी लई भारी असती गं. मीच उगा नावं ठेवतो."

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून त्या नर्सकडे वळल्या आणि हळूच विचारलं,

"सिस्टर, हे भुलीचं औषध घरी न्यायला मिळतं का?"