आतलं रेशीम

कोळ्याच्या मादीनं विणलेली अंड्यांची पिशवी कापून मी वर्गाला दाखवली होती. तास संपून मुलं गेली, तेव्हा प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, "मॅडम, मी बघू?"

मी सूक्ष्मदर्शक जुळवून दिला. बाहेरचं आवरण जाड धाग्यांचं, घट्ट. आत मात्र पिंजलेल्या कापसासारखं मऊ, सैल रेशीम आणि त्यात अंडी. "हा जाड धागा ती फक्त पिशवीसाठी कातते," मी सांगितलं. "पिल्लं बाहेर येईपर्यंत बहुतेकदा ती जिवंतही नसते."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. त्या दिवशी ते उच्चारताना पहिल्यांदाच जड वाटलं. ज्यांना कधी पाहताच येणार नाही, त्यांच्यासाठी एवढं मऊ कोण करून ठेवतं?

शांताबाई बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "माझी धाकटी अकरा दिवसांची असताना नणंदेला दिली. त्यांना मूल नव्हतं. माझी सगळ्यात मऊ साडी फाडून तिची दुपटी केली आणि सोबत दिली."

"आता भेटते?"

"येते ना सणावाराला. मामी म्हणते मला."

"तिला ठाऊक आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पदरानं डोळे पुसले.

"कशाला सांगू, मॅडम? तिला आई आहे."